आईच्या दातावरची खाच

आमची आई हसली की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. लग्नकार्य असो, वस्तीतल्या बायकांचा घोळका असो, नाहीतर घरात आम्हीच असू. पदर तोंडाला लावल्याशिवाय तिचे हसू पुरे होत नसे. लहानपणी आम्हांला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा हसतात. पुढे कळले की तिला आपल्या दातांची लाज वाटते. वरच्या समोरच्या दोन दातांवर मधोमध आडवी खाच आहे आणि त्या खाचेत पिवळट तपकिरी रंग बसलेला आहे. ती चौथीत असताना गावच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला वर्गासमोर उभे केले आणि विचारले, "तुम्हा लोकांत दात घासायची पद्धत नाही का?" पाचवीनंतर आईची शाळा सुटली. ते वाक्य मात्र सुटले नाही.

आम्ही दोघी बहिणी दातांचे शिक्षण घ्यायला गेलो तेव्हा या खाचेचे कोडे सुटेल, असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

ही २०१४ सालची गोष्ट. थोरलीने एक वर्ष घरी बसून पुन्हा प्रवेश परीक्षा दिली होती, धाकटीची पहिलीच खेप होती. दोघींचा नंबर एकाच वर्षी, एकाच कॉलेजात लागला. बाबा भोसरीला फाउंड्रीत कामाला, आई चार घरची धुणीभांडी करी, आणि घर म्हणजे पिंपरीच्या झोपडपट्टीतली पत्र्याची एक खोली. शिष्यवृत्ती होती म्हणून फीचे निभावले. पुस्तके, अवजारे आणि ॲप्रन यांसाठी बाबांनी पतपेढीचे कर्ज काढले. पुस्तक दोघींत एकच. एक वाचायची, दुसरी ऐकायची.

पहिल्या वर्षी जो विषय वाट्याला आला त्याचे नाव घेताना बाबांची जीभ अडखळायची. दातांचा आकार, आईच्या पोटात असताना दात कसे घडतात, आणि दात, हिरड्या, गाल, जीभ यांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, असा तो तीन पदरी विषय. आम्ही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. 'अमेलोब्लास्ट', 'ओडोंटोब्लास्ट' असले शब्द पाठ व्हायचे, पण डोक्यात काही बसायचे नाही. पहिल्या चाचणीत थोरली नापास झाली. धाकटी दोन गुणांनी वाचली. त्या रविवारी फोनवर दोघी रडलो. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला सांगा बरं, काय शिकवतात ते. मला कळलं म्हंजे तुम्हांला कळलं."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर आमचा वर्ग भरू लागला. शिकवणाऱ्या आम्ही आणि विद्यार्थिनी आई.

आम्ही तिला सांगितले, दात म्हणजे एकच एक हाड नव्हे. बाहेरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के ते खनिजच असते. त्याच्या आत डेंटिन. ते थोडे मऊ, त्यात खनिज सुमारे ७० टक्के. मधोमध पोकळीत पल्प, म्हणजे दाताचा मगज. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की माणूस रात्रभर तळमळतो. दात जबड्याच्या हाडात रोवलेला दिसतो, पण तो हाडाला चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते. त्या फटीत बारीक तंतूंचे जाळे असते आणि त्या तंतूंवर दात तोललेला असतो.

"म्हंजे बाजेच्या सुंभासारखं," आई म्हणाली. "बसलं की दबतं, उठलं की वर येतं."

आम्ही वहीत तसेच लिहून घेतले. भाकरीत वाळूचा कण आला तरी दाताला लगेच कळते, कारण त्या सुंभात नसा असतात, हेही मग आपोआप लक्षात राहिले. पुढच्या चाचणीत त्यावरच प्रश्न आला.

आईचे प्रश्न असे असत की आम्हांला पुन्हा पुस्तक उघडावे लागे. एकदा तिने विचारले, "दुधाचा दात पडला की दुसरा येतो. दुसरा पडला की तिसरा का नाही?" उत्तर शोधायला दोन दिवस लागले. गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हाच जबड्यात पेशींची एक पट्टी तयार होते. दातांचे अंकुर त्या पट्टीतून फुटतात. २० दुधाचे, मग कायमचे ३२. जन्मलेल्या बाळाचे बोळके रिकामे दिसते, पण आत दुधाच्या सगळ्या दातांची घडण चालू झालेली असते. कायमची पहिली दाढसुद्धा जन्माच्या सुमारासच कडक होऊ लागते. काम झाले की ती पट्टी विरून जाते. मग तिसरा दात येणार कुठून?

बाबाही या वर्गात आले ते मेणामुळे. आम्हांला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागत. वरच्या समोरच्या दाताची रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर. ते माप मोठे करून, हुबेहूब उंचवट्यांसह तो कोरायचा. आमचे ठोकळे बिघडत. सुटीत घरी आलो तेव्हा बाबांनी ठोकळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा तर पॅटर्नच आहे. आमच्याकडं लाकडाचा असतो. आधी जास्तीचं काढू नका. काढलेलं परत लागत नाही." त्या रात्री त्यांच्या सांगण्याप्रमाणे कोरलेला दात वर्गात दाखवायला ठेवला गेला.

वर्षभर आमची एक तक्रार होती. रोग कुठेच नाही, औषध कुठेच नाही, नुसते निरोगी तोंड कसे असते तेच शिकायचे. एकीने धीर करून मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, "चांगलं कसं दिसतं ते ठाऊक नसेल तर बिघडलेलं ओळखणार कशावरून?" त्या वेळी हे उत्तर आम्हांला वेळ मारून नेल्यासारखे वाटले.

मग काचपट्ट्या करण्याचे दिवस आले. काढून टाकलेले दात एका मोठ्या बरणीत औषधी पाण्यात ठेवलेले असत. त्यातला एक घ्यायचा आणि ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासत कागदासारखा पातळ करायचा. आमची बोटे सोलवटली. तो पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा इनॅमलमध्ये तपकिरी तिरप्या रेषा दिसल्या, झाडाच्या बुंध्यात वलये दिसतात तशा.

मॅडमनी समजावले. इनॅमल रोज थोडे थोडे वाढते. दिवसाला सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात एक ठळक रेषा उमटते. दुधाच्या दातांत आणि पहिल्या दाढेत तर जन्माच्या वेळची रेषासुद्धा असते. रेषेच्या अलीकडचे इनॅमल आईच्या पोटात घडलेले, पलीकडचे जगात आल्यावर. मूल फार आजारी पडले किंवा त्याची उपासमार झाली, तर त्या दिवसांत इनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि तिथे खाच पडते. दात उगवताना त्या पेशी नाहीशा होतात. म्हणून ती खाच पुढे कधीच आपोआप भरून येत नाही.

त्या रेषांना स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांचे नाव आहे. माणसाच्या कवटीची लांबी-रुंदी मोजून आकडा काढण्याची पद्धतही त्यांनीच आणली. अशा मापांवरून पुढे युरोपात माणसांच्या वंशांची उतरंड लावली गेली. आपल्याकडेही नाकाची मापे घेऊन जातींचे वंश ठरवण्याचा उद्योग झाला. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचे तेच आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवून दिले. आमच्यासमोरच्या बरणीत शेकडो दात होते. कोणता कोणाच्या तोंडातला, हे कोणालाच सांगता आले नसते. जात कळत नव्हती. पण लहानपणी कोणाच्या वाट्याला दुखणे किंवा भूक आली, ते मात्र काही दातांवर दिसत होते.

त्या संध्याकाळी जेवताना दोघी गप्प होतो. मग थोरली म्हणाली, "आईची खाच." धाकटीच्या मनातही तेच होते.

दिवाळीच्या सुटीत आईला दारात उजेडाला बसवले आणि पदर बाजूला करायला लावला. पोटच्या पोरींसमोर तोंड उघडायलाही ती लाजत होती. समोरच्या दोन दातांवर खाच मधोमध होती. सुळ्यांवरही होती, पण तिथे ती टोकाच्या जवळ. आम्ही एकमेकींकडे पाहिले. दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. समोरचे दात आधी सुरू होतात आणि चार-पाच वर्षांच्या वयात त्यांचा वरचा भाग पुरा होतो. सुळ्याचे काम उशिरा, सहा-सात वर्षांपर्यंत चालते. वस्तीत चार घरांचे बांधकाम एकाच वेळी चालू असावे आणि मध्येच सिमेंट संपावे, तसे हे आहे. ज्याची भिंत जिथवर आली असेल, तिथेच खूण राहते. खाचा वेगवेगळ्या उंचीवर होत्या, पण वय एकच सांगत होत्या. अडीच वर्षांच्या आसपासचे.

शाळेच्या दाखल्यावर आईची जन्मतारीख १ जून १९७० आहे. आपल्याकडे निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच, कारण तारीख गुरुजींनी टाकलेली. पण वर्ष खरे धरले, तर अडीच वर्षे भरतात १९७२ च्या अखेरीस. म्हणजे दुष्काळात.

आजी, म्हणजे आईची आई, तेव्हा आमच्याकडेच आली होती. बीड जिल्ह्यातले तिचे गाव. तिला विचारले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा आमी खडी फोडायला जायचो. हिला झोळीत टाकून न्यायचे. लाल मिलोची भाकर आन् सुकडी, तेवढंच. माझ्या अंगावर दूध ऱ्हायलं नव्हतं. त्यातच हिला गोवर निघाला. जगती का मरती, असं झालं व्हतं."

भूक की गोवर, हे दात सांगत नाही. कधी घडले एवढेच तो साधारण सांगतो. मॅडमनीही नंतर आम्हांला तेच बजावले, की एका खाचेवरून एवढा इतिहास काढू नका. पण एक गोष्ट पक्की होती. हे दात तोंडात यायला सातवे वर्ष उजाडावे लागते. खाच त्याच्या कितीतरी आधी, हिरडीच्या आत पडलेली होती. दात घासण्या-न घासण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

आम्ही हे आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे घाण नव्हती ती?"

"नव्हती आई. तू कितीही घासले असते तरी गेली नसती."

ती उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण आईला उजेडात बसवले तेव्हा आम्हांला आणखी एक दिसले होते. शाळेतल्या त्या प्रसंगानंतर आई दात घासत सुटली. राखेने झाले, विटेच्या भुकटीने झाले. मग शेजारच्या बाईने मशेरी दिली, "याने डाग जातो" म्हणून. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड. डाग गेला नाही, मशेरी मात्र लागली. पहाटे कामावर जाण्याआधी एकदा, दुपारी भूक मारायला एकदा, रात्री एकदा. ती खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला धरून ठेवायची. नेमका तिथेच, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता.

वर्षभर आम्ही काचपट्ट्यांवर तेच तर पाहिले होते. हिरडी आणि टाळू यांना घास चावताना रगडा सोसावा लागतो, म्हणून त्यांच्यावर कडक थर असतो. ओठाच्या आतली आणि गालाची त्वचा मात्र मऊ, ओली, गुलाबी असते. तिच्यावर तसा थर नसतो. जिथे थर नसायचा तिथे तो चढला होता. चांगले कसे दिसते ते ठाऊक नसते, तर आम्हीही तो चट्टा पाहून न पाहिल्यासारखा केला असता. आणि खरे सांगायचे तर आजवर तसेच केले होते. या तोंडाने भरवलेले घास खाऊन आम्ही वाढलो, पण त्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो.

आईला आमच्याच कॉलेजच्या दवाखान्यात नेले. सुई देऊन जागा बधिर केली आणि चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते आम्हांलाच ठाऊक. बाबा रोज फाउंड्रीतून सुटल्यावर फोन करायचे आणि "आला का?" एवढेच विचारायचे. अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण पेशींची ठेवण किंचित बिघडायला लागली होती. सर म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता मशेरी बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

मशेरी बंद करणे बोलण्याइतके सोपे नव्हते. डोके धरायचे, चिडचीड व्हायची. एकदा तांदळाच्या डब्यात तळाशी पुडी सापडली. आम्ही रागावलो. आई म्हणाली, "तीस वर्षांची सोबत आहे, एका दिवसात कशी तुटंल?" बाबांनी मात्र एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांनी पहाटे उठून चहा करून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली. मशेरीच्या वेळेला चहा. चार महिन्यांत मशेरी सुटली.

चट्टा हळूहळू फिकट झाला आणि वर्षभरात दिसेनासा झाला. सगळ्यांचेच असे होते असे नाही. काहींचा चट्टा जात नाही, काहींचा पुढे कर्करोग होतो, म्हणून आईची तपासणी आजही चालू आहे. पण या त्वचेचा एक गुण आहे. तिच्या तळाच्या पेशी सतत नव्या पेशी घडवतात, जुन्या वर सरकून गळून पडतात आणि काही आठवड्यांत अस्तर नवे होते. तिला जाच करणे थांबवले तर सुधारायला वाव मिळतो. इनॅमलला तो वाव नाही. एकाच तोंडात या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात.

शिक्षण संपता संपता, इंटर्नशिपच्या वर्षी, आम्ही आईला सांगितले की खाच दाताच्याच रंगाच्या मसाल्याने भरता येते. खरे तर आमच्या मनात भरायचे नव्हते. त्या खाचेत आम्हांला आजीचे कष्ट दिसायचे, दुष्काळ दिसायचा. ती खाच आता आम्हांला मोलाची वाटू लागली होती. आई म्हणाली, "मग भर की! एवढी वर्षं कशाची वाट बघताय?"

थोरलीने भरली, धाकटीने मदत केली. त्याआधी फोटो काढून ठेवला. हातात आरसा दिला तेव्हा आई आधी दात पाहत राहिली, मग आमच्याकडे पाहून हसली. हात पदराकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. अर्ध्या वाटेतून तो खाली आला.

आज आम्ही दोघी दवाखान्यात काम करतो. वस्तीतल्या बायका येतात आणि तोंड उघडण्याआधीच "दात खराब आहेत हो माझे" म्हणून माफी मागतात. आम्ही त्यांना आईची गोष्ट सांगतो. आपणांसही एवढीच विनंती. आठवड्यातून एकदा उजेडात आरसा धरा. ओठ उलटून बघा, गाल आतून बघा, जीभ उचलून खाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. सरकारी दंत रुग्णालयात दाखवा. आणि घरातल्या आईला, आजीला, सासूबाईंना एकदा उजेडात बसवून त्यांच्या तोंडात डोकवा. त्या आपण होऊन सांगणार नाहीत.

लेकरू लहान असेल तर त्याच्या पोटाकडे आणि दुखण्याकडे लक्ष द्या. त्याचे पुढचे दात हिरडीच्या आत आजच घडत आहेत.